फॉरमॅट न मारता

‘मामा, आता बघा. सातपर्यंत मोजा.’

मी मोजायला लागलो. पडदा काळा झाला, माउसचा बाण गोल फिरू लागला, खोक्यातल्या पंख्याचा आवाज वाढला. सात म्हणायला तोंड उघडलं आणि काळा पडदा नाहीसा झाला. मागचा डेस्कटॉप पुन्हा जसाच्या तसा समोर. काय बिघडलं याची एक ओळही नाही.

‘उडाला,’ भाचा म्हणाला. वैतागला मात्र नाही. टेबलावरची शंभरपानी वही ओढून त्यानं तारीख घातली आणि लिहिलं, ‘सात सेकंद. चित्र नाही, आवाज नाही. मशीन चालू.’

यंदाच्या अंकाचा विषय ‘दुरुस्ती’ असा ठरला, तेव्हा संपादकांनी बजावलं होतं की पुण्या-मुंबईचं काही आणू नका, तालुक्याच्या गावात जाऊन बघा. माझी बहीण मराठवाड्यातल्या भूमला असते. बार्शीहून एसटीनं येताना मनात यादी तयार होती. बोअरच्या मोटारी भरून देणारा कारागीर, खव्याच्या भट्टीवरच्या कढया, जमलं तर शिलाई मशीनवाला. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला हा कोरडवाहू मुलूख. इथल्या अनेक घरांत पावसापेक्षा दुधाचा भरवसा जास्त, म्हणून भूमचा खवा लांबवर जातो. दुरुस्तीही अशाच कशाची तरी बघायला मिळेल, असा माझा अंदाज होता. पण पहिल्याच रात्री भाच्याच्या खोलीत बसलो आणि यादी खिशातच राहिली. विंडोजसाठी बनवलेला खेळ लिनक्सच्या संगणकावर चालवायचा आणि तो का पडतो ते शोधायचं, हा उद्योग तो महिनाभर करत होता.

‘विंडोज टाकून देतो’

संगणक बार्शीहून आणलेला. कुठल्याशा कचेरीनं वापरून काढून टाकलेला, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुकानदारांच्या भाषेत ‘रिफर्बिश्ड’. तालुक्याच्या गावांत कॉलेजच्या पोरांकडे असलीच यंत्रं जास्त दिसतात, कारण नव्याच्या किमतीत दोन म्हशींचा वर्षाचा पेंडीचा खर्च निघतो. हे बहिणीचं गणित आहे, माझं नाही.

या यंत्राबरोबर विंडोज १० आलं होतं. त्याला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ घालावं, तर ते इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर मागतं आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिपही. चौथ्या पिढीच्या यंत्राला तिथं प्रवेश नाही. यंत्र धडधाकट, पण कागदोपत्री म्हातारं. कॉलेजातल्या एका वरच्या वर्गातल्या मुलानं पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट दिलं आणि भाच्यानं ते चढवलं. जुनं विंडोज डिस्कच्या एका कोपऱ्यात तसंच ठेवलं, ‘असू दे’ म्हणून.

अभ्यासाची कामं निघाली, प्रिंटरही चालला. अडलं ते खेळांपाशी.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका दुकानात गेलो. काउंटरवर उघडे खोके, ब्लोअर, प्रिंटरची शाई भरायच्या सुया. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि न विचारताच उपाय सांगितला, ‘लिनक्स काढा. फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. तासाभरात घेऊन जा.’

त्याच्यावर हसण्यात अर्थ नाही. त्याचा धंदा त्या एका तासावर उभा आहे. गिऱ्हाइकाला कारण नको असतं, संध्याकाळी चालू यंत्र हवं असतं. एका बिघाडाचं कारण शोधण्यात दोन दिवस घातले, तर त्याची मजुरी कोण देणार? त्यातून २००१ पासून महाराष्ट्रात लाखो जणांनी एमएस-सीआयटी केलं, त्यात संगणक म्हणजे विंडोज हेच समीकरण हातात बसलं. त्यामुळे ‘फॉरमॅट मारा’ हे गावोगावचं रामबाण औषध होऊन बसलं. औषध लागूही पडतं. अडचण एवढीच की सगळं पुसल्यावर बिघाड कशानं झाला होता, ते सांगणारं काहीच उरत नाही. चार महिन्यांनी तोच बिघाड आला की तेच औषध.

संध्याकाळी दाजींना ही हकीकत सांगितली. त्यांचं शेत गावाबाहेर आहे, बोअरवर साडेसात एचपीची मोटार आहे. ते म्हणाले, ‘म्हणजे स्टार्टर पडला की सरळ मोटार बोअरातून वर काढायची, असंच ना?’

उर्दू सातबारा आणि दुभाषी

खेळ पडतो का, हे कळायला आधी तो मुळात चालतो कसा ते समजून घ्यावं लागतं. विंडोजचा खेळ सतत काही ना काही मागत असतो. ही फाइल उघड, एवढी मेमरी दे, हा त्रिकोण पडद्यावर काढ. हे सगळं तो विंडोजच्या बोलीत मागतो. लिनक्सकडे देण्यासारखं सगळं आहे, पण ही बोली त्याला येत नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला ही अडचण नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि जमिनीचे कितीतरी जुने कागद उर्दूत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कचेऱ्यांमधून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. जमीन तीच, गाव तेच, फक्त कागद वाचून दाखवणारा मध्ये हवा.

लिनक्सवर हे मधलं काम वाइन नावाचा प्रकल्प करतो. १९९३ मध्ये बॉब अ‍ॅमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी तो सुरू केला. १९९४ पासून त्याची धुरा अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आहे. पहिली ‘१.०’ आवृत्ती निघायला १७ जून २००८ उजाडला. दुभाष्याला दुसऱ्याची बोली पुरती यायला पंधरा वर्षं लागली. वाइन आख्ख्या संगणकाची नक्कल करत नाही. खेळाची मागणी ऐकतं आणि तीच लिनक्सच्या भाषेत पुढं करतं.

चित्रांसाठी आणखी एक दुभाषी लागतो. विंडोजचे खेळ चित्रासाठी डायरेक्ट-थ्रीडी वापरतात, तर लिनक्सवरच्या आजच्या ग्राफिक्सची भाषा व्हल्कन. फिलिप रेबोले या प्रोग्रामरला ‘निअर: ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता, त्या हौसेतून त्यानं डीएक्सव्हीके लिहिलं. ते डायरेक्ट-थ्रीडीचं व्हल्कन करतं. स्टीम हे खेळांचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं कोडवीव्हर्स या कंपनीला हाताशी धरून वाइन, डीएक्सव्हीके आणि बाकीचे तुकडे एकत्र बांधले आणि २१ ऑगस्ट २०१८ रोजी प्रोटॉन या नावानं बाहेर आणले. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र लिनक्सवरच चालतं, म्हणून या दुभाष्यांना गेल्या काही वर्षांत चांगलं खतपाणी मिळालं.

आता पडण्याचं गणित लक्षात येतं. खेळ, वाइन, डीएक्सव्हीके, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा आणि शेवटी खोक्यातलं लोखंड अशी ही उतरंड. कुठलंही मडकं फुटलं तरी वरून दिसतं ते एकच: खेळ उडाला.

आधी कोण पडलं?

दाजींच्या स्टार्टरचा किस्सा त्याच आठवड्यातला. सकाळी मोटार सुरू केली की दोन मिनिटांत स्टार्टर पडायचा. गावातला मोटारवाला आला. बल्बचा होल्डर आणि दोन वायरी एवढंच हत्यार घेऊन तो आधी तिन्ही फेज बघत गेला, मग फ्यूज, मग स्टार्टरमधले काळे पडलेले पॉइंट. ‘मोटार वर काढायची गोष्ट सगळ्यात शेवटी,’ तो म्हणाला. ‘ती काढायला चार माणसं, एक दिवस. केबल तपासायला दहा मिनिटं.’ स्वस्त तपासणी आधी, महाग तपासणी नंतर. आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची. फ्यूजही बदलला आणि पॉइंटही घासले, तर मोटार कशानं चालली ते कधीच कळत नाही.

भाचा शेजारी उभा राहून ऐकत होता. वहीत त्यानं तेच तीन ओळींत उतरवलेलं मी नंतर पाहिलं.

फक्त खेळ पडला आणि डेस्कटॉप परत आला, तर दोष वरच्या थरांत. खेळात, दुभाष्यांत किंवा त्यांच्या फाइलींत.

चित्र गोठलं, पण गाणं वाजतंय, कॅप्स लॉकची कळ दाबली की तिचा दिवा लागतो-विझतो, तर यंत्र जिवंत आहे आणि ग्राफिक्स अडकलंय. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबलं की बऱ्याचदा काळी अक्षरी खिडकी उघडते. तिथून अडकलेला खेळ मारता येतो, बटण दाबून वीज तोडावी लागत नाही.

आख्खं यंत्रच बंद झालं, तर सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी खोकं उघडायचं. भाच्यानं ते उघडलं तेव्हा पंख्याच्या पात्यांवर आणि त्याखालच्या जाळीवर धुळीची गोधडी बसली होती. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद पडतं. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागल्यावर व्होल्टेज उतरतं, तेव्हा जुना पॉवर सप्लायही दगा देतो आणि खेळ चालू असताना यंत्र सर्वांत जास्त वीज ओढत असतं. सायकलचा पंप आणि रंगाचा ब्रश घेऊन अंगणात झालेल्या सफाईनं यातला एक प्रश्न मिटला. खर्च शून्य.

पंचनामा

सात सेकंदांचं कोडं मात्र पहिल्या प्रकारातलं होतं. मशीन चालू, खेळ गायब. इथं पंचनामा वाचावा लागतो.

प्रोटॉनला सांगितलं तर तो मरणाऱ्या खेळाचा जबाब लिहून ठेवतो. स्टीममध्ये खेळाच्या नावावर माउसची उजवी कळ दाबून गुणधर्मांत जायचं. तिथं सुरुवातीच्या सूचनांचा रकाना असतो, त्यात ‘प्रोटॉन लॉग बरोबर एक’ अशा अर्थाचा छोटा मंत्र टाकायचा. पुढच्या वेळी खेळ पडला की घरच्या फोल्डरमध्ये स्टीम आणि खेळाचा क्रमांक अशा नावाची फाइल तयार असते.

पहिल्यांदा ती उघडणारा माणूस घाबरतोच. हजारो ओळी आणि ओळीओळीला ‘फिक्समी’. मीही घाबरलो. भाचा म्हणाला, ‘त्या सोडून द्या मामा. ते वाइनवाल्यांनी स्वतःसाठी लिहिलेलं आहे, हे काम अजून अर्धं राहिलंय म्हणून. चालणाऱ्या खेळातबी तेवढ्याच असतात.’ बघायचे असतात ते ‘एरर’चे शेरे, तेही शेवटाकडचे. आणि त्यातही पहिला सापडला तर उत्तम, कारण एक पडला की त्याच्यावर टेकलेले दहा पडतात आणि दहाही ओरडतात.

या फाइलींत एक आकडा वारंवार भेटतो. सी, मग सहा शून्यं, मग पाच. त्याचा अर्थ, प्रोग्रामनं आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीत पाय ठेवला. प्रत्येक प्रोग्रामला कर्नल मेमरीचा आपापला गट नंबर देतो. शेजारच्या गटात नांगर घातला की कर्नल त्याला बाहेर काढतो, तिथं नोटीस वगैरे काही नाही. पुष्कळदा प्रोग्राम ज्या पत्त्यावर गेला तो पत्ताही शेजारी लिहिलेला असतो आणि तो शून्य असतो. म्हणजे सातबाऱ्यावर अशी जमीनच नाही. आधी कुणीतरी एखादी गोष्ट आणून द्यायची होती, ती आणली नाही, आणि खेळ हात रिकामा असताना ती वापरायला गेला. हा आकडा गुन्हा सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. त्यासाठी चार ओळी वर चढावं लागतं.

आम्ही चढलो. चार ओळींवर डीएक्सव्हीकेचा जबाब स्पष्ट होता: योग्य ग्राफिक्स सापडलं नाही, व्हल्कन १.३ चालेल अशी व्यवस्था लागेल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये डीएक्सव्हीकेची २.० आवृत्ती आली, तेव्हापासून त्याला व्हल्कन १.३ लागतं. प्रोटॉन ८ पासून हीच अट त्यालाही लागू झाली. चौथ्या पिढीच्या, म्हणजे हॅसवेल नावाच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सची व्हल्कनची मजल तिथवर जात नाही. नवा दुभाषी जुन्या माणसाशी बोलायलाच तयार नव्हता. सात सेकंद ग्राफिक्सची वाट बघून खेळ निघून जात होता.

कारण कळल्यावर उपाय दोन निघाले. एक, जुना दुभाषी बोलवायचा. स्टीममध्ये खेळागणिक प्रोटॉनची आवृत्ती निवडता येते, तिथं ७.० घ्यायची. दोन, व्हल्कनचा नाद सोडून वाइनचा स्वतःचा जुना मार्ग धरायचा, जो ओपनजीएल या ग्राफिक्सच्या जुन्या भाषेतून जातो. भाच्यानं एका वेळी एकच करून पाहिलं. पहिल्यानं खेळ उघडला, पण आकाश काळं. पहिला उपाय काढून दुसरा लावला. आकाश निळं झालं. वहीत नोंद झाली. ‘आठव्या सेकंदाला नाव दिसलं.’

ज्या दुकानात आम्ही गेलो होतो तिथं फॉरमॅट मारून पुन्हा लिनक्स टाकलं असतं, तरी सात सेकंदांनी हेच झालं असतं.

वीस मिनिटांनी आणि डी ड्राइव्हवर

आनंद वीस मिनिटं टिकला. मग खेळ पुन्हा गेला, तोही ऐन रंगात. या वेळी प्रोटॉनचा जबाब अर्ध्या वाक्यावर तुटलेला होता. बोलता बोलता कुणी तोंड दाबावं तसा.

असं झालं की खेळाच्या फाइलीत शोधून उपयोग नसतो, कर्नलच्या नोंदवहीत बघावं लागतं. तिथं एका ओळीत सगळं होतं: मेमरी संपली, अमुक प्रक्रिया मारली. लिनक्समध्ये रॅम अगदीच संपली की कर्नल सगळं यंत्र वाचवण्यासाठी एकाचा बळी देतो. बळी बहुधा सर्वांत जास्त खाणारा. खेळ हा घरातला सर्वांत मोठा खादाड. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसल्यानं चित्रांची मेमरीही त्याच आठ जीबीतून जात होती, आणि मागं ब्राउझरच्या चौदा खिडक्या उघड्या होत्या. त्यातल्या अकरा बहिणीच्या रांगोळ्यांच्या.

खिडक्या मिटल्या, रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा, म्हणजे स्वॅप, वाढवली. खेळ तासभर चालला.

मेमरीचं आणखी एक दुखणं असतं, जे या यंत्राला झालं नाही, पण पुष्कळांना होतं. रॅम शिल्लक असूनही खेळ पडतो. लिनक्स एका प्रोग्रामला मेमरीचे जास्तीत जास्त किती तुकडे पाडू द्यायचे ते ठरवतं आणि ही मर्यादा कित्येक वर्षं ६५,५३० होती. विंडोजचे काही मोठे खेळ त्याहून जास्त तुकडे पाडतात. तुकडेबंदीला अडलेल्या शेतकऱ्यासारखी गत होते, जमीन आहे पण वाटणी होत नाही. फेडोरा आणि उबुंटू २४.०४ यांनी ही मर्यादा १०,४८,५७६ वर नेली. भाच्याचं मिंट २२ त्याच उबुंटूवर बेतलेलं, म्हणून तो वाचला. जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला एक आकडा हातानं बदलावा लागतो.

तिसरं दुखणं भाच्यानं स्वतः ओढवून घेतलं. लिनक्सच्या वाट्याची जागा भरली, म्हणून त्यानं खेळ जुन्या विंडोजच्या डी ड्राइव्हवर हलवला. खेळ उघडेचना. गंमत अशी की फाइली सगळ्या जागेवर होत्या. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी वाइनचं एक फोल्डर तयार करतो आणि त्यालाच सी ड्राइव्ह म्हणून खेळापुढं उभं करतो. त्यात ‘सी’पुढे कोलन अशा नावाची एक खूण लागते. विसर्गासारखी दिसणारी ती दोन टिंबं विंडोजच्या डिस्कला फाइलीच्या नावात खपत नाहीत. खूण उमटत नाही, दुभाष्याचं घरच उभं राहत नाही.

त्यात भर म्हणजे विंडोजमधली ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय. ती चालू असली की विंडोज बंद करताना पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. झोपलेल्याच्या डिस्कवर काही लिहायला लिनक्स तयार होत नाही, फक्त वाचू देतं. खेळाला मात्र लिहायचं असतं. मोठ्या फाइली डी ड्राइव्हवर ठेवून हे छोटं घर लिनक्सच्या जागेत हलवलं, फास्ट स्टार्टअप बंद केलं, काम झालं. वहीत या दिवसाच्या नोंदीखाली दोन रेघा आहेत आणि ‘माझीच चूक’.

जुन्या सीडीचा डबा

तिसऱ्या रात्री बहिणीनं माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. त्यात दाजींच्या पोरवयातल्या सीडी. ‘प्रोजेक्ट आयजीआय’, ‘व्हाइस सिटी’, ‘क्रिकेट ०७’. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून हे खेळ खेळलेली पिढी आता चाळिशीकडे आली आहे. बऱ्याच सीडी हातानं नाव लिहिलेल्या, म्हणजे नकला. नकली प्रतींत कुणी काय फेरफार केलाय ते सांगता येत नाही आणि त्यांच्या पडण्याचं कारण शोधण्यात रात्र वाया जाते, हा भाच्याचा नियम. त्यानं खऱ्या सीडी तेवढ्या वेगळ्या काढल्या. दोन निघाल्या.

जुने खेळ आपल्या काळातल्या सोबत्यांना शोधतात. डायरेक्ट-एक्स नऊच्या वेळच्या जादा फाइली, व्हिज्युअल सी-प्लस-प्लसच्या त्या वर्षीच्या फाइली. एखादी नसली की खेळ हूं की चूं न करता बसतो. वाइनट्रिक्स नावाचं छोटं अवजार या फाइली आणून बसवतं. इथं एक पथ्य पाळायचं: प्रत्येक जुन्या खेळाला वेगळं घर. एका खेळासाठी आणलेली फाइल दुसऱ्याच्या पोटात दुखते, आणि एकाच घरात दहा खेळांचं सामान कोंबलं की कोणाचं काय ते कळेनासं होतं. वेगळं घर असलं की बिघडलेलं एकच पाडून पुन्हा बांधता येतं. हा एका खोलीपुरता फॉरमॅट, बाकी वाडा शाबूत.

सर्वांत मजेदार रोग मला वाटला तो यादीचा. काही जुने खेळ सुरू होताना ग्राफिक्सला विचारतात, ‘तुला काय काय येतं?’ उत्तर म्हणून नावांची यादी येते. खेळ लिहिणाऱ्यानं त्या काळच्या कार्डांकडे बघून उत्तरासाठी ठरावीक जागा ठेवलेली. अर्जावर नावासाठी चौकटी आखलेल्या असतात तशी. आजच्या कार्डाची यादी कितीतरी लांब. ती चौकटीबाहेर जाते, शेजारच्या मेमरीवर सांडते आणि खेळ कोसळतो. म्हणजे कार्डाला कमी येतं म्हणून नाही, फार येतं म्हणून. लिनक्सवरच्या मेसा ड्रायव्हरमध्ये यावर खास सोय आहे. त्याला एक वर्ष सांगायचं, समजा २००३. मग तो त्या वर्षापर्यंतचीच नावं सांगतो आणि पुढचं शहाणपण गिळून बसतो. हुशार सुनेनं सासरी पहिले काही दिवस काय करावं, ते या ड्रायव्हरला ठाऊक आहे, असं बहीण म्हणाली.

जिथं दारच बंद

काही खेळ पडत नाहीत, आत घेतच नाहीत. वहीत त्यांच्यासाठी वेगळं पान आहे.

चारचौघांत ऑनलाइन खेळायच्या खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी असतो. ‘व्हॅलोरंट’चा पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो. तिथं दुभाष्याला जागाच नाही, म्हणून तो खेळ लिनक्सवर चालत नाही. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट या दोन पहारेकऱ्यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी वाट ठेवली, पण ती उघडायची की नाही हे खेळाच्या मालकानं ठरवायचं. ‘एपेक्स लेजंड्स’ काही काळ लिनक्सवर चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच्या मालकांनी लबाडीचं कारण देऊन ते बंद केलं. त्या दिवशी कुणाच्याही यंत्रात काही बिघडलं नव्हतं.

अशा खेळावर रात्री घालवणारी पोरं भाच्याच्या ओळखीत आहेत. आवृत्त्या बदलतात, फाइली आणतात, शेवटी फॉरमॅट मारतात. मोटारवाल्याच्या शब्दांत सांगायचं, तर डीपीवरूनच लाइन तोडलेली असताना घरातली वायरिंग उकलत बसायचं. दुरुस्तीतला निम्मा शहाणपणा ही ओळख पटवण्यात आहे. भाच्यानं त्या पानावर चार नावं लिहून खाली ‘आपल्या हातात नाही’ असं लिहिलं आणि मोबाइलवर मित्रांबरोबर दुसरं काहीतरी खेळायला लागला.

शेवटचा रकाना

निघायच्या आदल्या दिवशी मी ती वही नीट चाळली. पाच रकाने. तारीख, काय झालं, काय बदललं, मग काय झालं, कारण. खवा भट्टीवर दुधाचं जे रजिस्टर असतं, कुणाचं किती, फॅट किती, त्याच धर्तीवर आखलेले. बहिणीच्या सासऱ्यांनी आखून दिले होते. त्यांना संगणक येत नाही, रजिस्टर येतं.

‘काय बदललं’ या रकान्यात कुठंही दोन गोष्टी नाहीत. काही ठिकाणी ‘काही नाही’ असं आहे. त्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, ‘काहीच न बदलता परत खेळून बघायचं. दर वेळी त्याच जागी पडतो का कुठंबी पडतो, ते कळतं. त्याच जागी पडला तर फाइल नाहीतर भाषांतर. कुठंबी पडला तर रॅम, गरमी, करंट.’ आणि दर वेळी तसंच असतं असं नाही, हेही त्यानं लगेच जोडलं.

मोटारीचं कारण त्या दिवशी सापडलं होतं. बोअरच्या तोंडाशी केबल घासली गेली होती, मोटारीचा थरथराट वाढला की तिथं टेकायची. दहा रुपयांची टेप लागली. मोटार वर काढावी लागली नाही.

खेळाचं सगळं सापडलं नाही. तिसऱ्या टप्प्यात एक पूल आहे, तो ओलांडताना खेळ अजून पडतो. दर वेळी त्याच जागी. प्रोटॉनच्या तीन आवृत्त्या झाल्या, खेळाच्या फाइली पुन्हा तपासून झाल्या, चित्रांचा दर्जा उतरवून झाला. नऊ नोंदी आहेत, नऊ वेळा ‘पूल’.

एसटीला वेळ होता. मी सहज म्हटलं, ‘एवढं झालंय, तर आता मार की एकदा फॉरमॅट.’

‘मग ह्या नऊ नोंदींचं काय करू?’ तो म्हणाला. नववीच्या पुढं त्यानं दहा लिहिलं, तारीख घातली आणि ‘काय बदललं’ या रकान्यावर पेन टेकवून विचार करत बसला.